पाकिटातली चाल

४ फेब्रुवारी

मामा,

माझा माळी गाढव आहे. त्याच्यावर चिडूनच हे पत्र लिहायला बसलेय, तेव्हा खुशाली शेवटी.

माळी म्हणजे मी लिहिलेला बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम. त्याचं निम्मं काम छाटणीचं, म्हणून हे नाव. एका चालीला तीस-पस्तीस उत्तरं, त्यातल्या प्रत्येकाला आणखी तीस-पस्तीस. चार-पाच पावलांत इतक्या फांद्या फुटतात की सगळ्या बघायच्या म्हटल्या तर समोरचा म्हातारा होऊन उठून जाईल. म्हणून छाटायचं. एक छाटणी पुराव्याची. एखाद्या चालीला समोरच्याकडे एक जबर उत्तर सापडलं की बाकीची उत्तरं बघायचीच नाहीत, चाल बाद. यात चूक होत नाही. दुसरी अंदाजाची. डाव इतका मागे पडलाय, मग ना मार ना शह अशी साधी चाल करून काय भागणार? सोडा. यादीत अगदी तळाला आलेली चाल आहे? वरवर बघा आणि सोडा. ही दुसरी छाटणी मी तुझ्याकडून उचलली. ‘दिसायला वाईट ती वाईटच, तिच्यावर वेळ घालवायचा नाही,’ हे तू मला किती वेळा ऐकवलंयस!

तर तुझ्या या नियमावर माळी भराभर खेळतो आणि वाचवता येणारे डाव तितक्याच भराभर घालवतो. गेल्या आठवड्यात तीन घालवले. दीड वर्ष ऑफिसातून आले की मी याच्यापुढे बसते. नवरा म्हणतो, मूल असतं तर एव्हाना चालायला लागलं असतं. वीस मार्चला प्रोग्रामांची स्पर्धा आहे, आणि या अवस्थेत तिथे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तुझ्या वह्यांमध्ये असे डाव असतील ना, ज्यांत वाचवणारी चाल पहिल्या नजरेला मूर्खपणाची वाटते? तसले पाठव. फोनच केला असता, पण तुझं कानातलं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं आणि मग तू मामीवर ओरडतोस.

आम्ही दोघं ठीक.

गोगलगाय


११ फेब्रुवारी

गोगलगाय,

तीन महिन्यांनी पत्र, आणि पहिल्याच ओळीत गाढव. मामीला वाटलं मलाच म्हणालीस. नंतर पुढचं वाचलं आणि तिचा हिरमोड झाला.

नाचता येईना अंगण वाकडं. प्रोग्राम तुझा, हरतो तो, आणि खापर माझ्या माथी? अगं, छाटल्याशिवाय कोण खेळू शकतं? माझ्या दुकानात जळकी मोटर येते. तिची सगळी तार उलगडून बघत बसलो तर दिवसाला एकच मोटर होईल आणि बाकीची गिऱ्हाइकं समोरच्याकडे जातील. मी वास घेतो, दोन टोकांना मीटर लावतो आणि सांगतो, वाइंडिंग गेलं. शितावरून भाताची परीक्षा. चाळीस वर्षांत चार-दोनदा चुकलो असेन. चार-दोनदा चुकणं परवडतं, रोज उशीर परवडत नाही. तुझ्या माळ्यालाही हेच समजाव.

तीन डाव सोबत आहेत. तिसरा अवघड आहे, त्यावर मी स्वतः एक अख्खा आठवडा घालवलाय. रविवारचा बुद्धिबळाचा वर्ग अजून चालू आहे. पाच पोरं येतात, त्यातली दोन नुसती पंख्याखाली बसायला येतात.

तुझं नाव गोगलगाय का पडलं ते नवऱ्याला सांगितलंयस का? एका चालीला चाळीस मिनिटं! वेळ संपून घड्याळाचं पातं पडायला आलं तरी तू आपली गालावर हात ठेवून बसलेली.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

पहिले दोन डाव माळ्यानं सोडवले. तिसऱ्यावर त्यानं छातीठोकपणे चुकीची चाल दिली, आणि ‘खात्री किती?’ म्हटलं तर जवळजवळ शंभर टक्के. मी त्याची तार काढून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आणि खरं सांगू? मला हवा असलेला डाव यांत नाहीच. तो तू पाठवशील असं वाटलं होतं. माझा तहकूब डाव. शाळांच्या स्पर्धेत, दातांच्या डॉक्टरांच्या मुलीविरुद्धचा, मी अकरा वर्षांची असतानाचा. आठवत नाही असं म्हणू नकोस. संध्याकाळ झाली, चाळीस चाली झाल्या, आणि डाव दुसऱ्या दिवसावर गेला. माझी पुढची चाल मी चिठ्ठीवर लिहिली, पाकिटात बंद केली आणि पंचांकडे दिली. सकाळी नऊला ते पाकीट उघडून डाव पुढे चालू व्हायचा. तू मला बसनं परत आणलंस, दुकानातल्या बाकावर पट मांडलास, दोन तास बघितलंस आणि म्हणालास, ‘हरलाय. उद्या जाण्यात काही अर्थ नाही.’ फोन फिरवून पंचांना कळवलंसही. नुसती बरोबरी होऊन अर्धा गुण मिळाला असता तरी मी जिल्ह्याच्या संघात जाणार होते.

त्यानंतर मी पट उघडला नाही, आणि तूही कधी ‘उघड’ म्हणाला नाहीस. रविवारी बाकीच्या मुलांना घेऊन बसायचास, आणि मी आईबरोबर आले तर मला सरबत करायला सांगायचास. बावीस वर्षं झाली, पण मला हे कळायलाच हवं: त्या दिवशी मी खरंच हरले होते का? मला पुढे काही जमणार नाही हे तुला दिसलं होतं, की तू नीट बघितलंच नव्हतंस?

त्या वहीतलं ते पान पाठव. पट माझा मी मांडते.

गोगलगाय


२८ फेब्रुवारी

गोगलगाय,

ती वही वाळवीनं खाल्ली. पोटमाळ्यावर होती, आणि पलीकडच्या कपाटातून वाळवी आली. मामी साक्षीला आहे.

आणि त्या डावात बघण्यासारखं काही नव्हतंच. हरलेला होता. मी नंतरही शंभरदा बघितलाय. तुझा हत्ती आणि दोन प्यादी, तिच्याकडे वजीर आणि पुढे धावणारं प्यादं. तू पाकिटात घातलेल्या चालीनं, म्हणजे हत्तीनं प्यादं मारल्यावर, फार तर आठ-दहा चाली डाव लांबला असता. अकरा वर्षांच्या पोरीला दोन तास बसमधून नेऊन सगळ्यांसमोर हरवायचं, त्यापेक्षा घरी बरं, असा विचार केला. चांगल्यासाठीच केलं.

जुनं उकरून काढण्याची ही वेळ नाही. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली, तिकडे लक्ष दे. सरबत तू चांगलं करायचीस म्हणून सांगायचो.

मामा


८ मार्च

मामा,

ज्या डावाची वही वाळवीनं खाल्ली, ज्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, तो शंभरदा कशाला बघितलास?

राहू दे. वही नको. डाव मला पाठ होता. होता म्हणजे, तीन संध्याकाळी डोकं धरून बसल्यावर आठवला. आधी तिचं एक प्यादं चुकीच्या घरात मांडत होते, त्या मुलीचा तांबडा स्वेटर आठवला आणि मग ते प्यादंही आठवलं.

डाव माळ्याला दिला. चार सेकंदांत उत्तर: हरलाय. त्यातल्या त्यात बरी चाल, हत्तीनं प्यादं मारणं. अगदी तुझाच आवाज. मी पडद्याकडे बघत राहिले आणि इतका संताप आला की काय सांगू. हा नियम मी स्वतः, माझ्या हातानं, त्याच्यात घातलाय. तू मला छाटलंस ते एकदा, आणि मी सेकंदाला लाख वेळा तेच करायला मशीन बसवलं.

मग अंदाजाची सगळी छाटणी काढून टाकली. फक्त पुराव्याची ठेवली. म्हटलं, कितीही वेळ लागू दे, सगळं बघ. रविवारी सकाळी सातला चालू केला. मशीनचा पंखा ओरडतोय, खोली तापलेली, नवरा दोनदा येऊन विचारून गेला की हे घर आहे की भट्टी. दहाला हरलाय. एकला हरलाय. तीन वाजता मी कपडे वाळत घालायला गेले, कारण बसवेना. सव्वाचारला आत आले तर आकडा बदललेला.

बरोबरी. हरलेला नाही, मामा. यादीत सगळ्यात तळाला असलेली, ना मार ना शह, दिसायला अगदी मूर्ख अशी एक चाल, आणि तिच्यामागे पक्की बरोबरी.

कोणती चाल ते लिहीत नाही. शंभरदा बघितलायस ना? तूच लिही.

गोगलगाय नव्हे, तुझी भाची


२४ मार्च

चि. भाचीस मामीचा आशीर्वाद.

मी पत्र लिहितेय म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. तुझं मागचं पत्र आल्यापासून हे धड बोलत नाहीत. एरवी कानातलं मशीन काढून ठेवतात ते बातम्या संपल्यावर. आता सकाळीच काढून ठेवतात, म्हणजे कोणी काही विचारायला नको. एका गिऱ्हाइकाची मोटर उलटी फिरणारी करून दिली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

वाळवीचं मला विचारशील तर, पोटमाळ्यावर वाळवी आली होती हे खरं. वही खाल्ली हे खोटं. ती ह्यांच्या उशाशी आहे. दुकानात तांब्याच्या तारेचा एक रिकामा डबा आहे, त्यात एक पाकीटही आहे. दर वर्षी डबे पुसताना बघते. एकदा विचारलं तर म्हणाले, जुनी गॅरंटी कार्डं आहेत. गॅरंटी कार्ड कोणी हातरुमालात गुंडाळून ठेवतं का?

मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. पण मी काल ह्यांच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि म्हटलं, लिहा, नाहीतर मी भाचीला फोन लावते आणि तुमचा कान तिच्या आवाजाला लावते. तुझं उत्तर इथे पोचायच्या आत त्यांचं पत्र तुला येईल किंवा मग कधीच नाही येणार. रागवायचं तर रागाव, पण आलं तर पूर्ण वाच.

मामी


३० मार्च

गोगलगाय,

राजा कोपऱ्यात.

ही ती चाल. आणि ती तुझ्या माळ्यानं शोधलेली नाही. पाकिटात तीच होती. तुझं तुला आठवत असणारच. मला आठ दिवसांनी कळलं.

पंच दुकानात आले होते, टेबलफॅन जळाला म्हणून. जाताना पाकीट दिलं, म्हणाले, पोरीची आठवण म्हणून ठेवा. मी ते बाकावरच फोडलं. आत तुझ्या वाकड्या अक्षरात राजा कोपऱ्यात. मी हसलो. पंचांना दाखवून हसलो. म्हटलं, बघा, पोरगी घाबरून कोपऱ्यात जाऊन बसणार होती, बरं झालं डाव सोडला.

चौथ्या दिवशी एका मोटरला तार गुंडाळताना हात थांबला. राजा कोपऱ्यात, एक प्यादं मरू द्यायचं, दुसरं अडकलेलं. मग फक्त हत्ती मोकळा, आणि हत्ती फुकट द्यायचा. तिनं घेतला तर तुला चालायला चालच उरत नाही, आणि चाल उरली नाही की नियमानं बरोबरी. नाही घेतला तर हत्ती राजाच्या मागे लागून शह देत राहणार. मी तार तशीच लोंबती टाकली आणि पट मांडला. शंभरदा मांडला तो त्यानंतर.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. त्या संध्याकाळी मी दोन तास बघितलं ते फक्त हत्तीनं प्यादं मारणं. मी धरूनच चाललो की पाकिटात तेच असणार. तू समोर स्टुलावर बसली होतीस, आणि तुला विचारलं नाही. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि हेही लिहितो, कारण मामी समोर बसली आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला लाकूड कापायच्या कारखान्यात मोटर बसवून द्यायची होती. तू गेली असतीस तर मला ते काम सोडून बसमध्ये बसावं लागलं असतं. तुझ्या चांगल्यासाठी वगैरे काही नाही. मला घाई होती, म्हणून मला डाव हरलेला दिसला.

पाकीट खिशात घालून दोनदा तुमच्याकडे आलो. पहिल्यांदा तू झोपली होतीस. दुसऱ्यांदा ताई म्हणाली, आता तिला गाण्याचा वर्ग लावलाय, खूश आहे, पटाचं नाव काढू नकोस. मी जेवलो आणि परत आलो. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग वर्ष झालं. मग सांगायची लाज वाटायला लागली. तू आलीस की तुझ्याकडे बघवायचं नाही, म्हणून सरबताला पिटाळायचो. वर्गात तुझी जागा रिकामी दिसली की इतर पोरांवर ओरडायचो.

गोगलगाय नि पोटात पाय, असं मी तुला चिडवायचो. पाय माझ्या पोटात निघाले.

पाकीट सोबत पाठवतोय. ते तुझं आहे.

मामा


८ एप्रिल

मामा,

मी रागावले आहे. मामीनं पूर्ण वाच म्हटलं होतं म्हणून पूर्ण वाचलं, आणि मग जास्तच रागावले.

हरले होते म्हणून बावीस वर्षं वाईट वाटत होतं, ते एक वेळ सोसलं. पण हरलेही नव्हते, चाल माझी बरोबर होती, आणि ते माहीत असलेला एकमेव माणूस दर दिवाळीला माझ्यासमोर बसून सरबत पीत होता, हे कसं सोसायचं? तू हरलाय म्हणालास, तेव्हा मला वाटलं की माझीच चाल चुकलेली असणार. मामाला दिसत नाही म्हणजे नसणारच. पुढे कॉलेजात, ऑफिसात, कुठेही माझं मत वेगळं पडलं की मी आधी तेच म्हणायची. नसणारच. तू एक डाव नाही सोडलास. मला ही सवय लावलीस.

स्पर्धा झाली. चौदांत नववे आलो. अंदाजाची छाटणी काढली तर माळी वेळेत चालच करत नाही, ठेवली तर आंधळा होतो. छाटावं लागतं हे तुझं म्हणणं खरं आहे, आणि ते खरं आहे याचाही मला राग येतो. आता असं केलंय: तळाच्या चाली वरवरच बघायच्या, पण त्यात जराशी जरी धुगधुगी दिसली तर परत मागे येऊन तीच चाल पूर्ण बघायची. थोडा वेळ जातो. तेवढा द्यायचा. कालपासून तो माझा डाव सहा मिनिटांत वाचवतो.

पाकीट टेबलावर आहे. कोपऱ्याला वार्निशचा डाग आहे, तो तुझाच असणार.

तुझ्या माफीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. पण डाव तहकूबच आहे. सोडला तो तू, मी नाही. पंचांनी पाकीट उघडलं असं समज. पांढरे माझे: राजा कोपऱ्यात. डॉक्टरांची मुलगी परदेशी असते, तेव्हा काळे तू घे. नीट खेळ, मुद्दाम हरलास तर मला कळेल.

चाल पाठव.

भाची


१४ एप्रिल

गोगलगाय,

बाकावरच्या मोटरी खाली ठेवल्या आणि पट मांडला. माझी चाल: वजिरानं तुझं मोकळं प्यादं मारलं. तिनंही हेच केलं असतं.

रागाव. मी काही म्हणत नाही.

पण तू पुढची चाल करायच्या आधी, त्या संध्याकाळी जे विचारायचं राहिलं ते विचारतो. तू पाकिटात ती चाल घातलीस तेव्हा तुझ्या डोक्यात काय होतं? तुला सगळं दिसलं होतं का? आणि मी समोर चुकीचं बघत असताना तू बोलली का नाहीस?

सगळं लिही. चाळीस मिनिटं घे.

मामा


१९ एप्रिल

मामा,

सगळं दिसलं होतं. हत्ती फुकट द्यायचा, तो घेतला की मला चाल नाही. चाळीस मिनिटं तेवढ्यासाठीच घेतली होती. शेवटची दहा मिनिटं तर नुसतीच बसले होते, कारण चेहऱ्यावर दिसलं तर तिला कळेल अशी भीती वाटत होती.

बोलले नाही, कारण पंच म्हणाले होते, आत काय आहे ते कोणालाही सांगायचं नाही. मी अकरा वर्षांची होते, मला वाटलं कोणालाही म्हणजे तुलाही. पण हे निम्मंच खरं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. दोन तास स्टुलावर बसून मी मनात म्हणत होते, आता विचारेल, आता विचारेल.

उरलेलं निम्मं असं की मला तुला गंमत दाखवायची होती. बसमध्ये येताना मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. सकाळी नऊला पंच पाकीट उघडतील. तू माझ्या खुर्चीच्या मागे उभा असशील. ती चाल ऐकून तू आधी हसशील, म्हणशील, काय ही मूर्ख पोरगी. मग गप्प होशील. मग तुला दिसेल, आणि मग तू परत हसशील, या वेळी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पहिलं हसून झालं तुझं. दुसऱ्याची मी अजून वाट बघतेय.

माझी चाल: हत्ती तुझ्या राजाला चिकटून. शह. मारून बघ.

गोगलगाय